तिसऱ्या शिबिराचा अर्ज भरून ठेवलाय. पाठवू का?

पाणवठा | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

दहा दिवसांच्या मौन शिबिराचा अर्ज भरून ठेवलाय. हे तिसरं. गेले चार दिवस रोज रात्री तो उघडते, वरपासून खालपर्यंत वाचते, 'पाठवा'वर बोट नेते आणि बंद करते. घोडं अडलंय एका रकान्यापाशी: 'शिबिरास येण्याचा उद्देश'. पहिल्या वेळी मी क्षणभरही न थांबता 'मनःशांती' लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी 'साधना पुढे नेणे'. ह्या वेळी खरं उत्तर 'जावंसं वाटतंय' एवढंच आहे, आणि ते लिहायला हात धजत नाही.

जरा आजूबाजूला पाहिलं तर आणखी काय काय दिसलं. ध्यानाला बसायला एक आसन घेतलं होतं. ते टोचतं म्हणून दुसरं. मग पाठ दुखते म्हणून छोटं लाकडी बाक. फोनमध्ये ठरावीक वेळानं घंटा वाजवणारी दोन ॲप्स. 'नंतर ऐकू' म्हणून साठवलेली प्रवचनं २१२ (आत्ता मोजली). ध्यान मात्र पहिल्या आसनावर व्हायचं तेवढंच होतंय.

बाहेरच्या गोष्टींत मला कळतं हो. जुना फोन नीट चालत असताना नवा घ्यावासा वाटला तर ती हौस, हे सांगायला कुणी लागत नाही. साधनेत मात्र हौससुद्धा डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसलेली असते. ओळखू कशी? तुमच्यापैकी कुणी ओळखली असेल तर सांगा.

टिवल्याबावल्या | सोमवार, रात्री ११.४४

मी पयला!
उद्देशाच्या रकान्यात लिहा: 'अर्ज भरण्याची साधना पुढे नेणे'.
(हलकेच घ्या. २१२ वाचून बरं वाटलं, माझी ३००च्या वर आहेत.)

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ७.१५

धागा आवडला. माझी कसोटी साधी आहे. गरज भागली की विषय संपतो. तहान लागली, पाणी प्यायलं, आता कुणी तांब्याभर आणून ठेवलं तरी नको. इच्छा भागली की ती पुढचा पत्ता देते.

एपिक्युरस ह्या ग्रीक तत्त्वज्ञानं सुमारे २३०० वर्षांपूर्वी इच्छांचे तीन कप्पे केले होते. नैसर्गिक आणि आवश्यक. नैसर्गिक, पण आवश्यक नाहीत अशा. आणि तिसऱ्या, ज्या ना नैसर्गिक ना आवश्यक; कीर्ती, सत्ता वगैरे. तिसऱ्या कप्प्याला तळच नसतो, कारण 'आता पुरे' म्हणणारं शरीरात काहीच नाही. ह्या माणसाला लोक उगाच चैनखोर समजतात. प्रत्यक्षात तो फार थोडक्यात भागवणारा होता.

तुमच्या बाबतीत लावून बघा. दिवसातून थोडा वेळ शांत बसायला मिळणं हा पहिला कप्पा. ते सुंदर जागी, पाखरांच्या आवाजात मिळणं हा दुसरा. मिळालं तर छान. 'मी मौन पाळणारी आहे' हे स्वतःबद्दल वाटणं, तिसरा.

खडूस | मंगळवार, सकाळी ९.०२

कसोटी ऐकायला छान आहे, टिकत नाही. भूक रोज लागते. भागूनही परत येते म्हणून ती इच्छा झाली का? आणि इच्छासुद्धा भागल्यावर गप्प होतेच की, दोन दिवस.

त्यापेक्षा माप बघा. काल जेवढं पाणी लागलं साधारण तेवढंच आज लागतं. गरज परत येते ती जुन्याच मापानं. इच्छेचं माप वाढत जातं. पाणवठा, तुमचं एक आसन तीन झालं, तिथेच उत्तर आहे.

दुसरं. 'इतकी ओढ वाटते म्हणजे आतून गरज असणारच' असं बरेच साधक म्हणतात. ह्याला आधार नाही. केंट बेरिज ह्या मेंदूसंशोधकाचं काम वाचा. डोपामीन हे मेंदूतलं रसायन जवळजवळ संपवलेल्या उंदरांना जिभेवर गोड दिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आवड तशीच उमटायची, पण ते स्वतःहून खायला उठायचे नाहीत. म्हणजे 'हवं वाटणं' आणि 'आवडणं' ह्या मेंदूत दोन वेगळ्या तारा आहेत. उलटंही होतं: आवडत काहीच नाही, पण हवंहवंसं वाटणं थांबत नाही. ज्याला कसलंही व्यसन लागलंय त्याला विचारा. तेव्हा ओढ किती जोराची आहे ह्यावरून गरज आहे की नाही हे ठरत नाही. ती गोष्ट आवडतेय की नाही हेही ठरत नाही.

प्रश्न: दोन्ही शिबिरांचा परिणाम किती टिकला? खरं सांगा.

पाणवठा | मंगळवार, दुपारी २.३०

खरं सांगायचं तर पहिल्याचा दोनेक महिने. दुसऱ्याचा घराचं कुलूप उघडेपर्यंत.

निमित्तमात्र | मंगळवार, रात्री ८.२०

तीव्र असहमत.

तराजू घेऊन बसलात सगळे. उंदीर काय, कप्पे काय. अहो, ही बाई देवाच्या (किंवा सत्याच्या, शांततेच्या, जे नाव द्याल त्याच्या) ओढीबद्दल बोलतेय. वेदान्तात साधकाची जी चार साधनं सांगितली आहेत त्यांत विवेक आहे, वैराग्य आहे, शमदमादी षट्क (मन आणि इंद्रियं आवरणं वगैरे सहा गुण) आहे आणि चौथं आहे मुमुक्षुत्व. मुमुक्षा म्हणजे सुटण्याची इच्छा. शब्दातच इच्छा आहे! ती नसेल तर पहिल्या तीन गोष्टींनी माणूस फार तर शिस्तशीर होईल.

सगळी ओढ 'हौस' म्हणून छाटून टाकलीत तर हाती नीटनेटकी उदासी उरेल. पाणवठाताई, पाठवा अर्ज.

जुनाट_चष्मा | मंगळवार, रात्री १०.५५

निमित्तमात्र ह्यांनी काढलेला मुद्दा फार जुना आहे आणि त्यावर एक सुंदर संवाद आहे, म्हणून उशीर झाला तरी लिहितोच.

संयुत्तनिकाय ह्या पाली बौद्ध ग्रंथात उण्णाभ नावाचा ब्राह्मण कोसंबीच्या घोषिताराम विहारात बुद्धाचा शिष्य आनंद ह्याला भेटायला येतो. विचारतो, तुमच्याकडे साधना कशासाठी करतात? आनंद सांगतो, इच्छा सुटावी म्हणून. कशानं सोडतात? आनंदाच्या उत्तरात पुन्हा इच्छा आहेच. उण्णाभ म्हणतो, मग हे कधी संपायचंच नाही. इच्छेनं इच्छा कशी सुटेल?

आनंद उलट विचारतो: इथे यायच्या आधी तुला इथे येण्याची इच्छा होती ना? होती. आणि पोचल्यावर? पोचल्यावर ती विरली. झालं तर मग.

मला ह्यातलं 'पोचल्यावर विरली' फार महत्त्वाचं वाटतं. पालीत ह्या चांगल्या इच्छेला बऱ्याचदा छंद म्हणतात आणि जाळणारीला तण्हा. छंद पायांना चालवतो आणि मुक्काम आला की बाजूला होतो. तण्हा मुक्कामावरही चालतच राहते. निमित्तमात्र ह्यांची मुमुक्षा पहिल्या जातीची आहे ह्याबद्दल मला शंका नाही. मात्र दोघी एकाच दारानं आत येतात आणि येताना सारख्याच दिसतात, अडचण ती आहे.

अवांतर: ही तण्हा म्हणजे संस्कृत तृष्णा, आणि तिच्यापासूनच आपली रोजची तहान आली. म्हणजे शरीराची सगळ्यात साधी गरज आणि सगळ्या दुःखाचं मूळ ह्यांना मराठीत एकच शब्द! 'गरज' त्याहून गमतीचा. तो अरबीतून फारसीमार्गे आला, आणि मुळात त्याचा अर्थ होता नेम, हेतू, उद्देश. पाणवठा, तुमच्या अर्जातल्या त्या रकान्यात खरं तर 'गरज' हाच शब्द विचारलाय.

टिवल्याबावल्या | मंगळवार, रात्री ११.१०

चष्मेकाका __/\__
वाचनखूण साठवली आहे.

नवा_भिडू | बुधवार, सकाळी १०.०५

माझा बाळबोध प्रश्न. मास्लो ह्या मानसशास्त्रज्ञाच्या गरजांच्या पिरॅमिडप्रमाणे आधी अन्न, निवारा, सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, आणि शेवटी वरच्या टोकाला आत्मविकास. म्हणजे खालचं सगळं भागल्याशिवाय अध्यात्माच्या वाटेला जाऊच नये का? खालचं तर कधीच पूर्ण भागत नाही.

उतारवाट | बुधवार, दुपारी १.४०

प्रश्न बाळबोध नाही. (ओळख: समुपदेशनाचं काम करते. इथे कुणाचं निदान करत नाहीये.)

मास्लोनं हे मांडलं १९४३ च्या एका लेखात, आणि त्यात पिरॅमिड नाहीच. ते चित्र नंतर व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी रूढ केलं. त्याच लेखात त्यानं लिहिलंय की हा क्रम वाटतो तितका पक्का नाही, एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते असं होत नाही. पुढे १९७० साली तो वारला, पण त्याआधीच्या काही वर्षांत आत्मविकासाच्याही पलीकडे, स्वतःला ओलांडण्याच्या अनुभवांकडे त्याचं लक्ष वळलं होतं. ते पिरॅमिडमध्ये सहसा कुणी काढत नाही.

तेव्हा आधी पोट मग परमार्थ, अशी रांग नाही. उपाशी माणसालाही अर्थाची भूक असते. त्रास होतो तो एका भुकेला दुसरीचं नाव दिल्यावर.

पाणवठा, तुम्हाला एक विचारू? पहिल्या शिबिरातला कुठला क्षण अजून आठवतो? काय शिकलात ते नको, त्याचा अर्थही नको. नुसता क्षण.

पाणवठा | बुधवार, रात्री ११.५८

दिवसभर विचार केला. खरं तर विचार करावाच लागला नाही, तुम्ही विचारल्याबरोबर तो समोर होता. लिहायला धीर होत नव्हता.

सहावा दिवस. दुपारचं जेवण. तिथे कुणाकडे पाहायचं नाही असा नियम होता, त्यामुळे नजर ताटातच. मी बसले आणि लक्षात आलं की पाणी घ्यायचं राहिलं. भांड्यांपर्यंत परत जायला हवं होतं, पण उठवेना. पाय गेले होते. मी तशीच बसून राहिले. तेवढ्यात डावीकडून एक हात आला, माझ्या ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवला, आणि गेला. हात मध्यमवयीन बाईचा होता. मनगटावर घड्याळाचा पांढरट पट्टा उमटलेला, घड्याळ नव्हतं (जमा करून घेतात). पेला ठेवताना तिनं तो जरा माझ्या बाजूला सरकवला. एवढंच.

मला रडू फुटलं. आवाज न करता रडायचं, शेजारणींना त्रास नको म्हणून, त्यामुळे घास गिळता येईना. बराच वेळ.

घरी आल्यावर वहीत मी ह्याला 'हृदय उघडण्याचा अनुभव' असं लिहिलं. दुसऱ्या शिबिरात सहाव्या दिवशी मी त्याची वाट पाहत होते. आता लिहिताना लाज वाटतेय, पण त्या दिवशी मी पाणी मुद्दाम घेतलं नाही.

कुणी आलं नाही. मीच उठले.

उतारवाट | गुरुवार, सकाळी ८.१०

लिहिलंत, बरं केलंत. लाजेचं काही नाही त्यात.

घरी तुमच्या शेजारी पाण्याचा पेला कोण ठेवतं?

खडूस | गुरुवार, सकाळी ८.४५

मी आधी जरा तोडून बोललो. ते मागे घेतो.

निमित्तमात्र | गुरुवार, सकाळी ११.३०

ताई, पाणी मुद्दाम न घेण्यालाच आमच्याकडे प्रार्थना म्हणतात. उगाच लाजू नका.

टिवल्याबावल्या | गुरुवार, सायंकाळी ६.००

इथे सगळे खरं बोलतायत म्हणून माझंही. मी एकदा ठरवलं की चाळीस दिवस ध्यान करायचं आणि कुणालाही सांगायचं नाही. ऐकीव कसोटी होती: कुणाला कळणारच नसेल तरी करशील तर गरज, नाहीतर हौस. दहा दिवस झकास. अकराव्या दिवशी मी आसन दिवाणखान्यात 'विसरलो'. बाराव्याही दिवशी. कुणी काही विचारेना. तेराव्या दिवशी मीच बायकोला म्हणालो, 'अगं, इथे माझं आसन राहिलं होतं का?'

ती म्हणाली, 'हो, रोज राहतंय.'

चौदावा दिवस उजाडलाच नाही.

जुनाट_चष्मा | गुरुवार, रात्री ९.३०

टिवल्याबावल्या, ह्या प्रतिसादाबद्दल तुमच्या आधीच्या सगळ्या इमोजी माफ.

पाणवठा बोलतील तेव्हा बोलतील. तोवर मला उपयोगी पडलेली एक गोष्ट टाकतो. बौद्ध भिक्षूंना चार वस्तूंची मुभा असे: वस्त्र, अन्न, राहायला जागा आणि औषध. त्या वापरताना मनाशी म्हणायचं एक चिंतन आहे. वस्त्राबद्दल त्यात येतं ते असं: थंडी, ऊन, डास, वारा, सरपटणारे जीव ह्यांपासून बचाव आणि लज्जारक्षण, एवढ्यापुरतंच. अन्नाबद्दलही तसंच, मौजेखातर नाही, नटण्याखातर नाही, हे शरीर टिकावं आणि साधना चालावी एवढ्यापुरतं.

'हे कशासाठी?' असं मनाला विचारलं की मन फार मोठी उत्तरं देतं. आत्मोन्नतीसाठी, शांतीसाठी, कल्याणासाठी. त्या उत्तरांत काहीही मावतं, २१२ प्रवचनंसुद्धा. 'हे कशापुरतं?' असं विचारलं की ते गडबडतं, कारण आता त्याला माप सांगावं लागतं. खडूस ह्यांचा मापाचा मुद्दा मला म्हणूनच पटला. मी स्वतः पुस्तकं विकत घेताना हा प्रश्न विचारतो. विचारूनही घेतो, हे वेगळं.

खडूस | शुक्रवार, सकाळी ९.१५

चष्मेकाकांशी सहमत, आणि त्यात भर. काही वेळा माप आपण वाढवत नाही, वाढवून दिलं जातं.

नाव-गाव सांगणार नाही. एका मार्गदर्शकाकडे मी काही वर्षं जात होतो. सुरुवातीला खरंच बरं वाटलं. मग 'पुढची पातळी' आली. मग तिच्या पुढची. प्रत्येक वेळी मला वैयक्तिक संदेश यायचा: 'तुमची तयारी झालेली दिसते आहे.' मी फुलून जायचो. एका निवासी सत्रात आम्ही तिघं एका खोलीत होतो. रात्री गप्पांत एकानं लाजत लाजत त्याला आलेला संदेश दाखवला. दुसऱ्यानं त्याचा. मी माझा. स्वल्पविरामासकट तोच. तिघंही पोट धरून हसलो, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

वाईट फसवणुकीचं नाही वाटलं. त्या वाक्याची मी वाट पाहायला लागलो होतो, त्याचं वाटलं. माझी मूळची गरज 'रात्री झोप लागावी' इतकीच होती. ती पहिल्याच वर्षी भागली होती, आणि मला ते लक्षातही आलं नव्हतं.

जुनाट_चष्मा | शुक्रवार, सकाळी ९.५०

पतंजलीनं योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींची भलीमोठी यादी दिली आहे आणि मध्येच एक सूत्र टाकलंय, की समाधीच्या दृष्टीनं ह्या अडचणी आहेत. समाधीतून बाहेर आलेल्या मनाला त्या सिद्धी वाटतात. यादी मन लावून वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकं ते सूत्र निसटतं.

पाणवठा | शुक्रवार, रात्री १२.२०

उतारवाट, दीड दिवस उत्तर दिलं नाही. माफ करा.

कुणी नाही.

आई तीन वर्षं अंथरुणावर आहे. मी आणि ती. दिवसा चार तास मदतीला बाई येतात तेव्हा मी नोकरीचं काम उरकते. रात्री आई दोन-तीनदा हाक मारते. मी काही तक्रार करत नाहीये, आईचं करायला मला आवडतं, खरंच. शिबिराच्या वेळी दादा येऊन राहतो. वर्षातून ते दहा दिवस.

तुम्ही विचारलंत त्या रात्री आईला पाणी देताना माझ्या लक्षात आलं की मीही पेला तिच्या बाजूला जरा सरकवते. रोजच.

म्हणजे मी दोन वर्षं ज्याला साधना म्हणतेय ती फक्त थकवा आहे का? तसं असेल तर फार रिकामं वाटतंय.

उतारवाट | शनिवार, सकाळी ७.३०

'फक्त' हा शब्द तेवढा काढा.

जॉन वेलवूड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९८० च्या दशकात एक गोष्ट नोंदवली. तो स्वतः ध्यान करणारा. त्याला दिसलं की अनेक साधक मनातली न भागलेली गरज, न भरलेली जखम ह्यांना वळसा घालायला अध्यात्म वापरतात. राग आला की 'मी रागापलीकडे गेलोय'. एकटं वाटलं की 'मला कुणाची गरज नाही'. तुमच्या बाबतीत उलट झालंय असं मला वाटतं. तुमची गरज रास्त आहे, फक्त ती ज्या खिडकीपाशी रांगेत उभी आहे तिथे तिचं काम होत नाही. कुणीतरी आपली काळजी घ्यावी ही माणसाची मूळ गरज आहे. डेसी आणि रायन ह्यांच्या सिद्धान्तात मनाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि आपलेपणा. तिसरी खुंटली तर बाकीच्या दोन तिची जागा घेऊ शकत नाहीत.

शिबिरात तुम्हाला शांतता मिळाली असेल, पण दादा येतो हेही मिळालं. दोन्ही एकाच पिशवीत आले म्हणून एकच वाटले.

आणखी एक, तुमच्यासाठी आणि इतर वाचणाऱ्यांसाठीही. वर्षानुवर्षं झोप अपुरी असेल, मन खूप खचलेलं असेल, तर दीर्घ मौन शिबिराआधी डॉक्टरांशी बोलावं. ध्यान करणाऱ्यांना आलेल्या कठीण अनुभवांवर विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. त्यात भीती, निद्रानाश, जगापासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव लोकांनी सांगितलेत. सगळ्यांना होतं असं नाही. पण 'ध्यानानं कुणाचं काय बिघडणार' हेही खरं नाही.

निमित्तमात्र | शनिवार, सकाळी १०.४०

उतारवाट, तुमचं बरचसं पटतं, पण एका ठिकाणी मी अडणारच. ती बाई दमलेली होती म्हणून रडली, मान्य. म्हणून त्या पेल्यात दुसरं काही नव्हतं, हे कुणी ठरवलं?

गीतेच्या सातव्या अध्यायात भजणारे चार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पीडेनं कळवळून आलेला आर्त यादीत पहिला आहे. आणि दोनच श्लोक पुढे म्हटलंय, 'उदाराः सर्व एवैते', हे सगळेच थोर. ज्ञानी जवळचा खरा, पण गरज घेऊन दाराशी आलेल्याला कुणी हाकललेलं नाही. आपणच शहाणे होऊन 'ही शुद्ध ओढ, ही नुसती गरज' अशा चाळण्या लावतो.

जुनाट_चष्मा | शनिवार, दुपारी १२.१५

निमित्तमात्र, आज तुमच्या बाजूनं साक्ष देतो.

धम्मपदात २०३ वी गाथा आहे: जिघच्छा परमा रोगा, भूक हा सगळ्यात मोठा रोग. अट्ठकथेत, म्हणजे तिच्यावरच्या जुन्या टीकेत, तिच्यामागची गोष्ट येते. आळवी नगरात बुद्ध येणार म्हणून लोक जमलेत. एका गरीब शेतकऱ्याचा बैल त्याच दिवशी हरवतो. तो बैल शोधत रानोमाळ फिरतो, सापडतो तेव्हा बराच वेळ गेलेला असतो, आणि घरी न जाता तसाच उपाशी धावत येतो. सगळं नगर बसलंय आणि बुद्ध गप्प. त्याच्यासाठी थांबलेत. तो आल्यावर पहिलं वाक्य उपदेशाचं नाही. विचारतात, भिक्षूंचं जेवण झाल्यावर काही उरलंय का? ह्याला वाढा.

तो जेवतो. मग उपदेश. नंतर भिक्षूंत कुजबुज होते, गृहस्थाला जेवू घालायला सांगितलं म्हणजे काय! त्यावर ही गाथा.

मला नेहमी वाटतं, त्या माणसाला बैलही हवा होता, जेवणही हवं होतं आणि ऐकायचंही होतं. तिन्ही खरं. तुझी खरी ओढ कुठली असं त्याला कुणी विचारलं नाही. क्रम तेवढा लावला.

अर्धविराम | शनिवार, दुपारी १.००

माझे तीन कप्पे मी आवरून ठेवतो.

खडूस | शनिवार, दुपारी १.०५

ठेवू नका हो. आसनांना लागू पडतातच.

नवा_भिडू | शनिवार, रात्री ८.००

मी फक्त पिरॅमिडचं विचारायला आलो होतो. घरी फोन करून बहिणीशी बोललो. आजोबांचं सगळं तीच बघते. नंतर कधीतरी लिहीन.

पाणवठा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.१०

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून.

त्या शनिवारी रात्री दादाला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, 'कशापुरतं' हेही: आठवड्यात दोन दुपारी, तीन तास. 'वर्षातून दहा दिवस येतोस तसा' असं म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, 'तू कधी बोललीच नाहीस.' मला राग आला. बोलायला कशाला हवं, दिसत नाही का? पण खरंच बोलले नव्हते. देवाला दोनदा अर्ज केला होता, भावाला एकदाही नाही.

तो येतो. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावते. पहिल्या चार दुपारी झोपले. नुसती झोपले, गजर लावून उठावं लागलं. पाचव्या दुपारी झोप आली नाही. मग जुन्या, टोचणाऱ्या आसनावर बसले.

अर्जाचं म्हणाल तर मुदत केव्हा टळून गेली ते मला दोन दिवसांनी कळलं. पुढचं शिबिर चार महिन्यांनी आहे.

लाकडी बाकावर सध्या आईच्या औषधांचा डबा असतो. बरोब्बर उंचीचं आहे.

निमित्तमात्र | रविवार, दुपारी ३.२५

छान वाटलं वाचून. आणि ओढ? गेली?

पाणवठा | रविवार, दुपारी ३.४०

नाही गेली. झोप पुरी झाल्यावरही काहीतरी उरतंच. आधी वाटायची तेवढी मोठी नाही ती, आणि तिला नेमकं काय हवंय ते मला अजून कळलेलं नाही.

दादा दार वाजवतोय, आईनं हाक मारलेली दिसते. बाकीचं नंतर लिहिते.